अस्थी घेऊन थांबत नाहीत

जयेशने हॉर्नवर तळहात दाबून धरला आणि गाडी उजवीकडे काढली. ट्रकचे मागचे चाक लक्ष्मीकांतरावांच्या खिडकीशेजारून इतक्या जवळून गेले, की चाकाच्या नटांवरचा गंज त्यांना दिसला. त्यांनी मांडीवरचे मडके दोन्ही हातांनी पोटाशी धरले. ट्रक मागे पडला, वळण आले, गेले, आणि लगेच दुसरे आले.

"भावजी, सांगितलं का तिला?" मागच्या सीटवरून बेबीने विचारले.

"सांगतोय."

"दोन वळणं गेली. मागंच राहील हो ती."

लक्ष्मीकांतरावांनी मान खाली घातली आणि मडक्याच्या तोंडाला बांधलेल्या लाल फडक्याशी पुटपुटले, "शारदा, वळण आलं. चल." तेवढे म्हणेपर्यंत तेही वळण मागे गेले होते.

ही शारदाच्या माहेरची रीत. अस्थी नर्मदेला नेताना पूल, नदी, वळण आले की मडके धरणाऱ्याने गेलेल्या माणसाला तसे सांगायचे, म्हणजे जीव वाटेत चुकत नाही. एकदा निघाले की थांबायचे नाही आणि मागे वळून पाहायचे नाही. लक्ष्मीकांतरावांचा जन्म एका कॉलेजच्या ग्रंथालयात गेला होता, पण ही रीत त्यांनी कोणत्या पुस्तकात वाचलेली नव्हती. तरी बेबी शारदाची सख्खी धाकटी बहीण होती, आणि माहेरच्या रीती सांगायला आता ती एकटीच उरली होती. काल जयेश हसलाही होता. "मावशी, काकू काय जीपीएसवर येणार आहे का?" बेबीने त्याच्याकडे नुसते पाहिले होते.

इंदूरहून सिमरोलपर्यंत सपाटी होती, वळणे थोडी होती, निभावले. भेरूघाट सुरू झाला आणि त्यांची जीभ गाडीच्या मागे पडायला लागली. त्यातून लाज वाटे. सगळ्या संसारात ते बायकोशी चारचौघांत असे मोठ्याने बोलले नव्हते. बोलण्याचे खाते शारदाकडे होते. दूधवाल्याशी, नळवाल्याशी, बँकेतल्या मुलीशी तीच बोलायची. हे मागे उभे राहून मान डोलवायचे.

"जयेश, बेताने रे," बेबी म्हणाली. "मला इतक्यात जायचं नाहीये तिच्याकडे."

"मावशी, टेन्शन नका घेऊ. ह्या घाटात मी डोळे बंद करून गाडी चालवतो."

"मग आज उघडून चालव. बघ कसं वाटतं."

जयेश हसला. हसला की तो फार चांगला दिसायचा. लक्ष्मीकांतरावांच्या धाकट्या भावाचा हा मुलगा. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. शारदा हॉस्पिटलात असताना डबा तोच आणायचा, डॉक्टरांशी तोच बोलायचा, आणि परवा तिला अग्नीही त्यानेच दिला होता. भादरलेल्या डोक्यावर त्याने आता क्रिकेटची टोपी उलटी घातली होती.

"नर्मदेवरचे गुरुजी आपल्यासाठी थांबून राहणार नाहीत," तो म्हणाला. "आणि दुपारी मला परत इंदूरकडे, राऊला पोचायचंय. प्लॉटची रजिस्ट्री आहे."

"सुतकात रजिस्ट्री?"

"सुतक मला आहे मावशी. पार्टीला थोडंच आहे?"

वळणावर भेरूबाबाचे शेंदरी ठाणे आले. जयेशने एक हात स्टिअरिंगवरून काढून कपाळाला आणि छातीला लावला, तीनदा हॉर्न वाजवला. "बस. बाबाला सलामी दिली की काही होत नाही," तो म्हणाला आणि त्याच वळणावर पुढची जीप मागे टाकली. रस्त्याच्या मधोमध आखलेली अखंड रेघ त्याच्या देवांत बसत नव्हती.

लक्ष्मीकांतराव सिमरोलपासून मनात एक वाक्य जुळवत होते. 'जयेश, गाडी सावकाश चालवावीस असे मला वाटते.' हे पत्रातल्यासारखे होत होते. 'हळू चालव.' हे हुकूम सोडल्यासारखे. आणि हुकूम सोडणारे आपण कोण? आयुष्यात सायकलीपलीकडे काही चालवले नाही. त्याला रस्ता कळतो, गाडी कळते, आपल्याला भीती तेवढी कळते. ते वाक्य पुसत, पुन्हा मांडत, आणि बोटांनी फडक्याची गाठ सोडून परत बांधत. राग आला होता, हे त्यांना कळत होते. तो घशापर्यंत येत होता आणि तिथे वाक्याची वाट बघत बसत होता. त्याचा तर त्यांना आणखीच राग येत होता.

"आपल्याला एवढी घाई नाहीये ना?" शेवटी ते म्हणाले.

एसीच्या आवाजात ते बुडाले.

"काय म्हणालात काका?"

"काही नाही."

तेवढ्यात मागून एक काळी गाडी आली, वळणावरच त्यांना घासून पुढे गेली आणि शेपूट हलवल्यासारखी डावीकडे शिरली. जयेशने ब्रेक दाबला. मडके लक्ष्मीकांतरावांच्या बरगडीत रुतले.

"अंधा है क्या बे!" जयेश बंद काचेवर ओरडला. "दिसत नाही का ह्याला? वळणावर ओव्हरटेक करतो! असेच लोक मरतात आणि दुसऱ्यांनाही मारतात, काका."

आणि त्याने गिअर बदलून त्या गाडीचा पाठलाग सुरू केला.

मधे भुशाचा एक ट्रक होता, दोन्ही बाजूंनी पोट सुटल्यासारखा फुगलेला. काळी गाडी त्याच्या पलीकडे नाहीशी झाली होती. पुढे रस्ता डोंगराला वळसा घेऊन उजवीकडे वळत होता आणि वळणापलीकडचे काही म्हणजे काही दिसत नव्हते. जयेशने गाडी उजवीकडे काढली. लक्ष्मीकांतरावांच्या खिडकीत भुशाची पिवळी भिंत उभी राहिली. ती भिंत संपत नव्हती. मग समोर मोटरसायकल आली.

चालवणारा पुरुष, मागे एका बाजूला बसलेली बाई, दोन्हीकडे लोंबणाऱ्या दोन पिशव्या. लक्ष्मीकांतरावांना त्या माणसाचे तोंड दिसले. ते रागावलेले किंवा घाबरलेले नव्हते, नुसते चकित झालेले होते, आपल्याच घरात कोणी अनोळखी माणूस बसलेला दिसावा तसे. त्याने हँडल डोंगराकडे वळवले. पुढच्या क्षणी जयेश ट्रकच्या पुढे निघाला होता, रस्ता मोकळा होता, आणि कसलाही आवाज झाला नव्हता.

"टच नाही झाली," जयेश म्हणाला.

"मागे पाहू नका, भावजी!" बेबी म्हणाली.

त्यांनी आधीच पाहिले होते. ट्रकच्या मागून, उतारावर, सीताफळे घरंगळत येत होती. डोंगराकडच्या नालीत मोटरसायकल आडवी होती आणि नालीच्या काठावर बाईचा एक पाय दिसत होता, चप्पल नसलेला. मग वळणाने ते सगळे झाकून टाकले.

"थांब," ते म्हणाले.

"काका, टच नाही झाली. घाबरून तो स्वतःच पडला. हेल्मेट नाही, दोन-दोन पिशव्या लटकवून चालवतात हे लोक..."

"बाई नालीत आहे."

"मागचे बघतील ना. किती गाड्या येतायत. आणि अस्थी घेऊन थांबत नाहीत, हो ना? तुमचीच रीत आहे. मावशी, सांगा ना काकांना."

बेबीने पदर तोंडाला लावला होता. "थांबत नाहीत हे खरं," ती म्हणाली, पण तिचा आवाज तिचा वाटत नव्हता.

"जयेश, गाडी थांबव."

"घाटात कुठे थांबवू? मागून कोणी ठोकलं तर?"

पुढच्याच वळणानंतर गाडी आपोआप थांबली. नव्या रस्त्याचे काम चालू होते, एका वेळी एकाच बाजूची वाहने सोडत होते आणि रांग लागली होती. रांगेत तीन-चार वाहनांपुढे ती काळी गाडी उभी होती. तिचा चालक दार उघडून गुटखा थुंकत होता. पाठीमागून भुशाचा ट्रक आला आणि जयेशच्या गाडीला चिकटून उभा राहिला.

लक्ष्मीकांतरावांनी काळ्या गाडीकडे पाहिले, मागच्या ट्रककडे पाहिले. म्हणजे एवढ्यासाठी. ट्रकच्या मागे उभे राहण्याऐवजी त्याच्या पुढे उभे राहता यावे म्हणून. त्यांनी दार उघडले.

"काका! कुठे चाललात?"

ते मडके घेऊन उतरले आणि घाट चढू लागले. भुशाच्या ट्रकच्या ड्रायव्हरने वरून मान बाहेर काढली. "देख लो बाबूजी," तो म्हणाला, "औरत गिरी है." जणू स्वतः त्याच रस्त्याने आला नव्हता. लक्ष्मीकांतरावांनी त्याच्याकडेही रागाने पाहिले. तेवढेच त्यांना जमले.

"भावजी, उलटे निघालात!" बेबी मागून धापा टाकत येत होती. "अहो, जीव घरी परत जातो अशानं!"

"जाऊ दे."

"असं काय बोलता?"

"शारदा थांबली असती, बेबी."

बेबी मागे फिरली नाही. तिच्या मागून जयेश येत होता. गाडी रांगेतच सोडून, किल्ली बोटात फिरवत, टोपी काढून पुन्हा घालत.

त्या माणसाने बायकोला नालीतून वर काढून डोंगराला टेकवून बसवले होते. तिचा उजवा हात खांद्यापासून भलत्याच दिशेला गेला होता. ती रडत नव्हती, ओठ आत ओढून बसली होती आणि रस्त्यावर फुटलेल्या सीताफळांकडे बघत होती. एक कार हॉर्न देत त्या फळांवरून गेली.

माणसाने जयेशला ओळखले. दोन ढांगांत तो त्याच्यापाशी आला आणि त्याने त्याची कॉलर धरली.

"गाड़ी बड़ी है तो सड़क खरीद ली क्या? हें? मर जाती तो?"

"भाईसाहब, हाथ छोड़ो. बात सुनो," जयेश म्हणाला. "घर में गमी हुई है. चाची की अस्थियाँ ले जा रहे हैं. वो देखो, चाचाजी के हाथ में."

माणसाने पाहिले. लाल फडके, मडके, ते धरलेला म्हातारा, टोपीखालून दिसणारे जयेशचे भादरलेले डोके. त्याची मूठ सुटली. त्याने तापलेल्या डांबरावर चपला काढल्या आणि हात जोडले. त्याच्या मागे बसलेल्या बाईने डावा हात उचलून पदर कपाळावर ओढायचा प्रयत्न केला. तेवढ्यानेही तिच्या तोंडून एक आवाज निघाला.

"माफ करना बाबूजी, मालूम नहीं था," माणूस म्हणाला. "जाओ आप. मिट्टी को रोकते नहीं."

आणि तो वाकून सीताफळे गोळा करू लागला.

जयेशने कॉलर सरळ केली. लक्ष्मीकांतरावांच्या कोपराला हात लावला. "चला काका. बघा, समजूतदार माणूस आहे. झालं."

लक्ष्मीकांतराव हलले नाहीत. झालं. हा शब्द त्यांच्या कानात शिरून तिथेच गरगरत राहिला. आपण मदत करायला वर आलो असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात त्यांनी ही माफी दोन हातांत धरून, घाट चढून इथवर आणली होती. बायको जाऊन आज तिसरा दिवस, आणि तिला कामाला लावले होते. जन्मभर ती त्यांच्या वतीने बोलली, आता मडक्यातूनही तीच बोलली, आणि हे नेहमीप्रमाणे मागे उभे होते.

"बेबी, हे धर," ते म्हणाले.

"मी? अहो, मडकं असं वाटेत दुसऱ्याच्या..."

"धर."

बेबीने मडके घेतले. हात मोकळे झाल्यावर त्यांचे काय करायचे ते लक्ष्मीकांतरावांना कळेना. त्यांनी ते पाठीमागे बांधले, मग सोडले. वाक्य अजूनही तयार नव्हते. ते तयार होणार नव्हते, हे त्यांच्या लक्षात आले.

"रुकिए," ते म्हणाले. "वो मत उठाइए. पहले मेरी बात सुनिए. गलती आपकी नहीं थी. अंधे मोड़ पर इसने गाड़ी आपकी तरफ डाली. मैं इसके बगल में बैठा था, मैंने देखा है. जहाँ बोलना पड़ेगा, मैं बोलूँगा."

माणूस सीताफळ हातात धरून अर्धवट वाकलेलाच राहिला.

"काका, काय बोलताय?" जयेश जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला. "केस होईल. लायसन्स जाईल माझं."

"जाऊ दे."

"टच पण नाही झाली!"

"पुन्हा म्हणू नकोस ते." त्यांचा आवाज चिरकला, आणि आपला आवाज चिरकला याची त्यांना नेहमीसारखी शरम वाटली नाही. "पुन्हा हा शब्द माझ्यासमोर काढू नकोस. टच नाही झाली! तिचा हात बघ. बघितलास का? आल्यापासून एकदा तरी बघितलास?"

जयेशने पाहिले. मग तो दुसरीकडे बघू लागला.

"काकूला अग्नी मी दिलाय," तो हळूच म्हणाला.

"दिलास."

"उद्या तुम्हाला कोण बघणार आहे? हे बघणार आहेत?"

हे खरे होते. घाटाखालून वारा येत होता. घरी जाऊन आता दिवाही लक्ष्मीकांतरावांना एकट्यालाच लावायचा होता. आजारी पडले तर डॉक्टरचा फोन नंबर जयेशपाशी होता. घराची दुसरी किल्लीही जयेशपाशीच होती.

"माहीत नाही," ते म्हणाले. "ह्यांना गाडीत घे."

बाईला धरून रांगेतल्या गाडीपर्यंत खाली आणले आणि मागच्या सीटवर बसवले, एका बाजूला तिचा नवरा, दुसऱ्या बाजूला मडके घेतलेली बेबी. घाट उतरेपर्यंत जयेश एका ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागे, हॉर्न न वाजवता, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चालवत राहिला. तो चिडलेला होता, हे त्याच्या मानेवरून दिसत होते. खड्डा आला की मागून बाईचा श्वास अडकल्याचा आवाज यायचा आणि जयेशची बोटे स्टिअरिंगवर आवळायची. वळणे येत होती, जात होती. बेबी कोणाला काही सांगत नव्हती. एकदाच ती म्हणाली, "पाणी देऊ का ग तुला?" आणि मग हिंदीत तेच विचारले.

घाटाखालच्या गावातल्या दवाखान्यात डॉक्टरने खांद्याचे हाड मोडले आहे असे सांगितले, हात बांधला आणि इंदूरला न्या म्हणाला. बाई डाव्या हाताने कागदावर अंगठा उमटवताना पहिल्यांदा रडली. घरी दोन म्हशी आहेत, धार कोण काढणार, असे काहीतरी ती नवऱ्याला सांगत होती.

नवऱ्याचे नाव रघुवीर. त्याला तक्रार करायची नव्हती. "जाने दो बाबूजी," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "आपके घर का मामला है, ऊपर से गमी है. लड़का शर्मिंदा है." जयेश शरमलेला होता की नाही, ते लक्ष्मीकांतरावांना कळले नव्हते. ते रघुवीरचा हात धरून शेजारच्या चौकीत घेऊन गेले. असा कोणाचा हात त्यांनी यापूर्वी कधी धरला होता, ते त्यांना आठवेना.

हवालदार वयस्क होता. त्याने रघुवीरचे ऐकले, मग चष्मा कपाळावर चढवून लक्ष्मीकांतरावांकडे पाहिले.

"आप उसी गाड़ी में थे?"

"जी."

"और उसी के खिलाफ लिखवा रहे हो?"

"जो देखा वो लिखवा रहा हूँ."

"सोच लो बाबूजी. बाद में मुकरना मत. अदालत में बुलाते हैं, साल-दो साल चक्कर लगते हैं. इस उमर में अकेले आओगे-जाओगे?"

लक्ष्मीकांतरावांनी मान डोलावली. मग मान डोलावणे पुरेसे नाही असे वाटून म्हणाले, "आऊँगा. लिखिए."

त्यांनी सांगितले. हवालदार लिहीत होता. ट्रक कुठे होता, वळण कसे होते, मोटरसायकल कोणत्या बाजूने येत होती. काही वेळा हवालदार एखादा शब्द सोपा करून घ्यायचा आणि ते त्याला तो पुन्हा बरोबर सांगायचे. आवाज स्थिर होता. राग गेला नव्हता, पण आता तो वाट बघत नव्हता.

खिडकीतून अंगण दिसत होते. बेबी नळाशी वाकून तोंड धूत होती. तिने मडके जयेशकडे दिले असावे. कडुलिंबाखाली तो ते दोन्ही हातांत धरून उभा होता, कोपरे अंगाशी दाबून, पायही न हलवता. खिशात त्याचा फोन वाजत होता, आणि तो काढायला त्याला हात मोकळा नव्हता. फोन वाजून वाजून बंद झाला, पुन्हा वाजू लागला.

"गाड़ी चलाने वाले का नाम?"

"जयेश."

हवालदाराने नाव लिहिले. पेन तिथेच टेकवून विचारले, "आपका कौन लगता है?"

लक्ष्मीकांतरावांनी खिडकीबाहेर पाहिले.

"बेटा," ते म्हणाले. मग हवालदाराला ऐकू गेले नसेल असे वाटून पुन्हा एकदा म्हणाले, या वेळी मोठ्याने.

अंगणात जयेशने मान वर केली.